जिजीचं खापर

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, यंदा अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, पुरणपोळ्या तव्यावरच करते, जिजीचं ते मांडे भाजायचं मातीचं खापर शेजारी देऊन टाकते. मी 'बरं' म्हटलं आणि फोन ठेवला. मग रात्रभर ते खापर डोक्यातून जाईना. फोनवर मला भांडता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून हे पत्र.

बाबा, तुमच्या आईच्या, जिजीच्या तेराव्याला लोक काय काय बोलत होते, आठवतं? किती गरीब स्वभाव, कोणाला कधी उणा शब्द बोलली नाही. बाबा, तुम्ही मान डोलवत होतात. आई, तू वाढता वाढता माझ्याकडे पाहिलंस आणि पटकन पदर तोंडाला लावलास. लोकांना वाटलं, रडतेय.

जिजी आणि गरीब स्वभाव! तिला ओट्यावर पाहिलं की भाजीवाला मेथीची जुडी आपणहून मोठी बांधायचा. माहेर शेंदुर्णीचं, सासर पाचोऱ्याकडचं. त्यामुळे निम्मी तावडी, निम्मी अहिराणी. चिडली की आत्ता कोणती बोली चालू आहे हे समोरच्याला उमगायच्या आत ती बोलून मोकळी झालेली असायची. माहेरी जायची ती पीजेने, त्या पाचोरा-जामनेरच्या छोट्या रेल्वेने. त्या गाडीच्या वेगावरूनही ड्रायव्हरला ऐकवायची म्हणे. 2020च्या लॉकडाऊनमध्ये पीजे थांबली ती थांबलीच, तेव्हा मात्र 'माझ्या माहेराची वाट मोडली' म्हणून दोन दिवस गप्प होती.

आणि तिचा उसनवारीचा कायदा! आपण पीठ आणलं तर घेताना वाटी सपाट, परत करताना शीग लावून. दुसऱ्या कोणी सपाट वाटी परत केली तर बोलायची नाही, पुढच्या वेळी त्या घराला लहान वाटीने द्यायची. आपल्याकडे तीन मापांच्या वाट्या होत्या आणि गल्लीतल्या कोणत्या घराला कोणती, हे मला सातवीत असताना पाठ होतं. मी अजूनही सोसायटीत कोणी साखर मागितली की वाटीकडे बघते. वाईट सवय आहे, पण तिचीच आहे.

72च्या दुष्काळाबद्दल ती फारसं सांगायची नाही. खडी फोडायला जायची एवढंच. एकदाच, दिवे गेले होते तेव्हा, म्हणाली की रेशनवर तो अमेरिकेचा मिलो, ती तांबडी ज्वारी, मिळायचा. भाकरी तांबडी व्हायची आणि ती पाहिली की तुझा बाप रडायचा, म्हणून मी चिमणी विझवल्यावरच त्याला वाढायची. बाबा, हे तुम्हाला माहीत आहे का? तुम्ही तेव्हा आठ वर्षांचे. पेल्यात उरलेलं पाणी ती मोरीत ओतू द्यायची नाही, कढीपत्त्याला घालायची. त्यावरून आपण तिची किती थट्टा केली.

आता खापर.

आई, लग्नानंतर अकरा आखाज्या तू नुसतं पुरण वाटलंस. चुलीपाशी ती तुला बसू द्यायची नाही. तुझा राग मला दिसायचा, वरवंट्याच्या आवाजात ऐकू यायचा. मी दाराच्या चौकटीत बसून तिच्याकडे बघत असायचे. गहू ओलवून दळलेले, पीठ कापडातून गाळलेलं, कणीक तिंबून तिंबून अशी केलेली की उचलली तर बोटांतून ओघळावी. पुरण भरून गोळा तयार झाला की लाटणं नाही, पोळपाट नाही. या हातावरून त्या हातावर, मनगटावरून कोपरापर्यंत मांडा पसरत जायचा. एक झटका, आणि तो उलट्या खापरावर. खाली पऱ्हाट्यांचा भडक जाळ. बांगड्यांना पीठ लागू नये म्हणून त्या ती दंडापर्यंत चढवायची आणि दिवसभर तिथे वळ राहायचे.

बाराव्या आखाजीला तिच्या हातावर मांडा फाटला. तिच्या मनगटाचं दुखणं त्याच वर्षी सुरू झालं होतं, पण सांगते कशाला. फाटलेला तसाच भाजला, ताटलीत घेतला, उठली आणि पाट्यापाशी जाऊन बसली. तुला म्हणाली, "जाळ कमी कर." एवढंच. तू चुलीसमोर बसलीस. तुझा पहिला मांडा खापरावर गोळा होऊन पडला, दुसरा जाड झाला, तिसरा कुठे जमला. डोळ्यांत पाणी होतं ते धुराचं, असं तू अजून म्हणतेस.

पण त्या संध्याकाळचं तुला माहीत नाही. मी मागच्या निंबाच्या झोक्यावर होते. जिजी भिंतीपलीकडच्या काकूंना सांगत होती, "मनापेक्षा पातळ करस ती." माझ्यापेक्षा पातळ मांडा करते ती! मग तिने मला पाहिलं. घरात सांगितलंस तर झोका सोडून टाकीन, म्हणाली. मी खरंच घाबरले. झोका कधीच गेला, निंबही गेला, माझं लग्न झालं, आणि हे सांगायचं राहूनच गेलं. तुझ्या तोंडावर ती कधीच बोलली नाही, शेवटपर्यंत नाही. यात तिचं चुकलंच. माझंही चुकलं. तिच्या शेवटच्या कानबाईच्या सणाला मी आले नाही, ऑफिसचं कारण सांगितलं, ते तर तुम्हाला माहीतच आहे.

इतकी वर्षं आखाजीला ती पितरांची, बाबांच्या आजा-पणजांची घागर भरत आली. यंदा तिच्या नावाची भरायची. तिच्या घागरीपुढे तव्यावरची पोळी ठेवली तर ती काय म्हणेल हे मी लिहीत नाही, बाबा हे पत्र मोठ्याने वाचतील.

मी महाराष्ट्र एक्सप्रेसने दोन दिवस आधी येते. आई, खापर कुठेही देऊ नकोस, उतरवून उन्हात ठेव. मला शिकव. माझे फाटतील, ते मी खाईन.

बाबा, घागरीवरचं डांगर, ते खरबूज, या वेळी वास घेऊन आणा. फिकं निघालं तर ती तुम्हाला भर उन्हात परत करायला पाठवायची, विसरलात का?

तुमची,
बेबी