वहीत नाव न लिहिता गेलेल्यांचे आभार

या थंडीत पुणे स्टेशन आणि स्वारगेटच्या फुटपाथांवर झोपणाऱ्या बेघर माणसांसाठी ज्यांनी रात्री जागवल्या, पण वहीत नाव काही लिहू दिलं नाही, त्या सगळ्यांचे मनापासून आभार.

चादरींबरोबर पुठ्ठेही आणलेत, हे फार बरं केलंत. अंगावर दोन सोलापुरी चादरी असल्या तरी गार फरशी खालून ऊब ओढून घेते. खाली प्लास्टिक, त्यावर पुठ्ठा, मग अंथरूण. दवाने भिजलेली चादर असून नसल्यासारखीच.

सगळ्यात मोठं ऋण मात्र निवाऱ्यातल्या खरजेच्या कामाचं. कुणालाच नको असतं ते. डॉक्टरांनी दिलेलं 5 टक्के परमेथ्रिनचं मलम मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, नखांखालीही लावायचं. रात्रभर ठेवून सकाळी आंघोळ, आठवड्याने पुन्हा तेच. एकट्यालाच लावलं तर शेजारच्या अंथरुणातून खरूज परत येते, म्हणून तुम्ही अख्ख्या खोलीला एकाच रात्री लावलंत. कपडे गरम पाण्यात, धुता न येणारं सामान आठवडाभर पिशवीत बांधून. आणि म्हाताऱ्यांची जाड, वाकडी नखं आधी कोमट पाण्यात भिजवून कापलीत!

निवाऱ्यात यायला माणसं नाही म्हणतात ती बहुतेकदा हट्टाने नव्हे. बाहेर ठेवलेली हातगाडी सकाळी जागेवर नसेल, ही धास्ती असते. त्यासाठी साखळी आणि कुलपं आणून देणाऱ्यांचे वेगळे आभार. एका कुलपाची दुसरी किल्ली तेवढी राहिली आहे, ती द्या.