आई-बाबा, बेंचवरून लिहितोय

आई, बाबा,

परवा फोनवर बोलणं अर्धवट राहिलं, रेंज पण नव्हती आणि बाबांचा आवाज जरा उतरलेला वाटला, म्हणून आज निवांत लिहायला बसलोय. बाबा दर मॅचनंतर एकच विचारतात, "आज तरी मैदानात उतरवलं का रे?" आणि मी नाही म्हटलं की आई लगेच जेवलास का विचारते. मला कळतं तुम्हाला वाईट वाटतं ते. त्यात आपलं कोल्हापूर, शाहू स्टेडियमवर तालमीची फुटबॉल मॅच असली की अख्ख्या पेठेचं वातावरण तापतं, तिथं "पोरगा क्लबात आहे पण खेळत नाही" असं कुणी सहज जरी म्हटलं तरी बाबांना लागणारच. म्हणून इथं नक्की काय चाललंय ते एकदा नीट सांगतो, फोनवर मी नुसतं "बरं चाललंय" म्हणून ठेवून देतो.

मी टीमचा दुसरा गोलकीपर, आणि गोलकीपरची जागा एकच असते. मिडफिल्डर दमला की साठाव्या मिनिटाला बदलतात, विंगर बदलतात, पण कीपर ठीक असेल तर त्याला कोण कशाला काढेल? म्हणजे मला संधी कधी, तर पहिल्या कीपरला लागलं, रेड कार्ड बसलं किंवा त्याचा फॉर्म गेला तर. आणि तो पहिला म्हणजे माझा रोजचा जोडीदार, त्याचं वाईट चिंतून कसं चालेल? मॅचच्या आधी त्याला वॉर्मअपला बॉल मीच मारतो. तो ग्लोव्हजचे तळवे पाण्यानं ओले करून घेतो, कोरड्या लेटेक्सवर बॉल नीट चिकटत नाही, मग मी आधी सरळ छातीवर येतील असे सोपे बॉल देतो, मग टप्प्याचे, मग दोन्ही बाजूंनी क्रॉस, म्हणजे कडेनं गोलसमोर येणारे बॉल. सुरुवातीलाच कोपऱ्यात जोरात मारायचं नाही, कारण तेव्हा त्याला गोल वाचवायचा नसतो, आपले हात आज चालतायत एवढा भरवसा हवा असतो. हे काम मनापासून करतो मी. त्याचा पहिला बॉल हातात बसला की मला खरंच बरं वाटतं.

आणि नंतर बेंचवर मी नुसता बसलेला नसतो हो. प्रत्येक क्रॉसला मी मनात ठरवतो, बाहेर यायचं का लाईनवर थांबायचं, मग तो काय करतो बघतो. कीपरचं बरंचसं काम थांबण्याचंच आहे बाबा. ऐंशी मिनिटं बॉल येत नाही आणि मग एकच येतो, तेव्हा डोकं जागेवर लागतं. पेनल्टीचंच घ्या. इस्रायलमधल्या संशोधकांनी 2007 मध्ये एक अभ्यास छापला होता, 286 पेनल्टी बघितल्या त्यांनी. जवळपास 94 टक्के वेळा कीपरनं डावीकडं नाहीतर उजवीकडं झेप घेतली, पण मध्ये उभा राहिला तेव्हा वाचवण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त, तिनात एक. मग उभे का राहत नाहीत? कारण उभा राहून गोल खाल्ला तर लोक म्हणणार हा हललासुद्धा नाही. झेप घेऊन खाल्ला तर निदान प्रयत्न तरी केला म्हणतात. प्रेशर म्हणतात ते हे, बॉलचं कमी आणि लोकांच्या नजरेचं जास्त.

ब्राझीलचा कीपर बार्बोसा आठवतो मला नेहमी. 1950 च्या वर्ल्डकपला रिओच्या माराकाना स्टेडियमवर उरुग्वेच्या घिजियानं जवळच्या पोस्टच्या बाजूनं गोल मारला, ब्राझील 2-1 हरलं, आणि त्याच्या काळातल्या उत्तम कीपरपैकी असलेल्या त्या माणसाला 2000 साली मरेपर्यंत लोकांनी तो एक गोल विसरू दिला नाही. तुमची भीती मला समजते ती यामुळंच. आई म्हणते ना, "सगळं खापर तुझ्यावरच फुटतं". खरंय ते.

पण दुसरी बाजू पण बघा. अर्जेंटिनाचा कीपर एमी मार्टिनेझ 2010 मध्ये अगदी पोरसवदा वयात इंग्लंडच्या आर्सेनल क्लबला गेला, घरची परिस्थिती नव्हती म्हणून गेला, आणि मग ऑक्सफर्ड, रॉदरहॅम, वुल्व्हज, गेटाफे, रेडिंग असा या क्लबातून त्या क्लबात लोनवर, म्हणजे उसना, फिरत राहिला. 2020 मध्ये आर्सेनलच्या पहिल्या कीपरला, लेनोला, लागलं तेव्हा कुठं सलग खेळायला मिळालं, वय 27. अडीच वर्षांत वर्ल्डकप फायनल, एक्स्ट्रा टाइमचे शेवटचे क्षण, फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा समोर आणि याच्या डाव्या पायानं गोल वाचला! तो मानसशास्त्रज्ञाशी नियमित बोलतो आणि ते उघड सांगतो, मला त्याची ही गोष्ट त्या सेव्हपेक्षा मोठी वाटते. आपला भारताचा कीपर गुरप्रीत पण 2014 ला नॉर्वेला गेला तेव्हा बराच काळ दुसऱ्याच्या मागंच होता. आणि मग 2019 मध्ये दोहाला आशिया चॅम्पियन कतारला 0-0 वर रोखलं, त्या दिवशी कॅप्टन तोच होता. बाबा, ती मॅच आपण दोघांनी जागून बघितली होती.

मी काही मार्टिनेझ होणार असं म्हणत नाही, पण कीपर उशिरा पिकतो हे खरं आहे आणि मला इथं शिकायला मिळतंय. पायानं खेळणं सुधारलंय, डिफेन्सला ओरडून जागा सांगणं सुधारलंय, पूर्वी मी कमी बोलायचो. झोप पण नीट लागते आता.

तर बाबा, "उतरवलं का" जरूर विचारा, पण या आठवड्यात ट्रेनिंगमध्ये काय केलं तेही विचारत जा, मला सांगायला लई आवडेल. आणि आई, पेनल्टी आली की उठून देवघरात जाऊ नकोस. किक मारणाऱ्याचा जमिनीवर टेकलेला पाय बघ, बऱ्याचदा त्याचं टोक जिकडं तिकडंच बॉल जातो. कपच्या मॅचला माझा विचार करू असं कोच म्हणालेत, पक्कं झालं की पहिला फोन तुम्हालाच.

तुमचा,
पिंटू