‘मदरबोर्ड गेला’ म्हणण्याआधी

महोदय,

वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीला टेकला, की घरोघरचे डेस्कटॉप रुसू लागतात. दुकानात नेले की निदान बहुतेकदा एकच: ‘मदरबोर्ड (संगणकातला मुख्य सर्किट बोर्ड) गेला’. जुन्या पिढीचा बोर्ड सहसा मिळत नाही, म्हणून प्रोसेसर आणि रॅमही नवी घ्यावी लागते. ऐन प्रवेशाचे फॉर्म भरायच्या दिवसांत हा भुर्दंड नको असेल, तर आधी घरीच तपासावे.

संगणक पंधरा-वीस मिनिटे चालून बंद पडत असेल तर संशय उष्णतेवर घ्यावा. बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) प्रोसेसरचे तापमान दिसते. काही काम चालू नसताना ते 80 अंशांपुढे जात असेल, तर हीटसिंक (प्रोसेसरवरचा उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) फुफाट्याने बुजलेला असतो किंवा त्या दोघांमधली उष्णतावाहक पेस्ट वाळलेली असते. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर तो भरधाव फिरून बेअरिंग जाते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी तुरीच्या दाण्याएवढीच लावावी. आपल्याकडे कूलरचा झोत सर्रास कॅबिनेटवर सोडतात, तो मात्र बंद करा. ओलसर हवेत धूळ चिकटून बसते आणि रॅमचे संपर्क खराब होतात.

पंखे फिरतात पण पडदा काळा, असे असेल तर ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकात मॉनिटरची केबल कार्डालाच लावली आहे ना, हे पाहा. मग प्लग काढून पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा आणि रॅम काढा. तिची सोनेरी कड खोडरबराने हलके घासून रॅमची एकेक पट्टी वेगवेगळ्या स्लॉटमध्ये, खटका लागेपर्यंत बसवून पाहा.

काहीच हालचाल नसेल, तर बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडा. चालू झाला तर दोष फक्त बटणाचा. मल्टिमीटर असेल तर चालू संगणकात एसएमपीएसच्या (वीजपुरवठा करणाऱ्या डब्याच्या) पिवळ्या तारेवर 11.4 ते 12.6 आणि लाल तारेवर 4.75 ते 5.25 व्होल्ट मिळायला हवेत. एसएमपीएस उघडू मात्र नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) तीनशेच्या आसपास व्होल्ट उरलेले असू शकतात.

तारीख दर वेळी मागे जाते आणि संकेतस्थळे ‘असुरक्षित’ म्हणून उघडत नाहीत, याला कारण मदरबोर्डावरचे घड्याळ चालवणारा सीआर 2032 हा बटणसेल. 2.8 व्होल्टच्या खाली उतरला की बदलावा.

कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग तुटलेले समजावे. एसएमपीएसच्या फिल्टरमधून पत्र्यावर घरच्या विजेच्या निम्म्या दाबाची, अगदी अल्प वीज उतरते. ती जमिनीत जायला वाट नसते. उन्हाळ्यात आपली काळी जमीन भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात पाणी घालावे आणि सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ या दोन छिद्रांमधला दाब मोजून घ्यावा. तीन व्होल्टपेक्षा जास्त आला तर वायरमनला बोलवावे.

एवढे करूनही भागले नाही तर दुकानात जावेच. फुगलेला कपॅसिटर वा जळका डाग दाखवायला सांगावा आणि बदललेला भाग परत मागावा. पडदाच येत नसेल तर तपासणीला हार्ड डिस्क लागत नाही. ती काढून घरी ठेवूनच कॅबिनेट द्यावे.

— एक संगणक दुरुस्तीकार, भुसावळ