दोन पाइपांना हात लावायला लावणाऱ्या मिस्त्रीकाकांस अनावृत पत्र

आदरणीय मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

आपले नाव कुठेही लिहू नये, असे आपण मला बजावले होते. ते मी पाळतो आहे. मात्र पत्र लिहू नये, असे काही आपण म्हटले नव्हते.

डिसेंबरात आंबिया बहाराची संत्री घेऊन वरूडहून नागपूरच्या कळमना बाजारात जायचे, म्हणजे रात्री तीनलाच निघावे लागते. नरखेड ओलांडले की गारठा वाढतो आणि केबिनमध्ये दोघांचा श्वास कोंडून समोरची काच आतून पांढरी होते. आमच्या पंधरा वर्षे जुन्या पिकअपचा हीटर बंद असल्याने वडील शेजारी घोंगडी पांघरून बसत आणि दर पाच मिनिटांनी दुपट्ट्याने काच पुसत. काच उघडावी तर त्यांचा खोकला वाढे, बंद ठेवावी तर समोरची बैलबंडी दिसत नसे. शहरातील एका गॅरेजने ब्लोअरची मोटर बदलून दिली. वारा आधीही येतच होता, तो फक्त थंड होता, ही साधी गोष्ट त्या वेळी माझ्याही लक्षात आली नाही. हीटर तरीही चालेना, तेव्हा संपूर्ण डॅशबोर्ड उघडून आतील कॉइल, म्हणजे इंजिनचे गरम पाणी जिच्यातून फिरते ती हीटरची जाळी, बदलावी लागेल, असे सांगण्यात आले.

आपल्या टिनाच्या शेडसमोर मी गाडी लावली, तेव्हा आपण पान्याला हात न लावता मला बाकावर बसवले आणि म्हणालात, "आधी गाडी थंडी होऊ द्या, मंग पाहू." दीड तास मी चुळबुळत होतो, हे आज कबूल करतो. इंजिन गार झाल्यावर आपण ते सुरू केले आणि रेडिएटरच्या वरच्या पाइपावर माझाच हात ठेवायला लावला. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवून धरणारी झडप, जागेवर असता, तर इंजिन तापेपर्यंत तो पाइप गार राहून मग एकदम गरम झाला असता. आमचा मात्र पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला. आपण दोन बोल्ट काढून थर्मोस्टॅटचे घर उघडून दाखवले. आत थर्मोस्टॅट नव्हताच.

तो कुठे गेला, हे मला तेव्हा आठवले. मागच्या मे महिन्यात गाडी तापू लागली, तेव्हा एका कारागिराने तो काढून टाकला होता आणि मीही त्याला मान डोलावली होती. आपल्या भागात हे सर्रास चालते. ज्या नागपूरचा पारा मे २०१३ मध्ये ४७.९ अंशांवर गेला, तेथेच तो डिसेंबर २०१८ मध्ये ३.५ अंशांपर्यंत उतरला. उन्हाळ्यासाठी केलेला जुगाड हिवाळ्यात अंगाशी येतो, तो असा. थर्मोस्टॅट नसला की पाणी सतत रेडिएटरमधून फिरत राहते, इंजिन पुरेसे तापत नाही, डिझेल जास्त जळते आणि हीटरपर्यंत येणारे पाणीही कोमटच राहते.

नवा थर्मोस्टॅट बसवण्यापूर्वी आपण शेजारच्या टपरीवरील चहाचा गंज मागून घेतलात, त्यात पाणी उकळत ठेवले आणि ८२ अंशांचा आकडा कोरलेला तो थर्मोस्टॅट तारेने मधोमध टांगला. पाण्याला बुडबुडे येऊ लागले, तशी त्याची पितळी चकती सावकाश वर उचलली गेली. बाहेर काढल्यावर ती पुन्हा मिटली. नवा भागही तपासून घ्यायचा असतो, हे मी त्या दिवशी पाहिले.

थर्मोस्टॅट बसवल्यावर इंजिनच्या तापमानाचा काटा मध्यावर आला, पण हवा अजूनही कोमटच होती. त्यावर आपण हीटरकडे जाणारे दोन पाइप दाखवून म्हणालात, "हात लावून पाहा भाऊ, एक चटका देते अन् दुसरा थंडाच हाय." गरम पाणी कॉइलमध्ये जात होते, पण पलीकडून निघत नव्हते. इंजिन गार ठेवणारे कूलंट महाग पडते, म्हणून मी वर्षानुवर्षे बोअरचे पाणी भरत आलो होतो आणि त्यातील क्षार त्या बारीक नळ्यांत जमून बसले होते. डॅशबोर्ड न उघडता आपण दोन्ही पाइप सोडले, लिंबूसत्त्वाचे सौम्य पाणी अर्धा तास आत मुरवले आणि मग उलट दिशेने, कमी दाबाने साधे पाणी सोडले. आधी विटकरी गाळ आला, मागून पांढऱ्या पापड्या आल्या आणि शेवटी स्वच्छ धार लागली. माझ्या बोअरचे ते पाणी पाहून मलाच लाज वाटली.

त्यानंतर डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे भरून आपण गाडीची पुढची चाके शेजारच्या शेताच्या धुऱ्यावर चढवायला लावली, जेणेकरून रेडिएटरचे तोंड सर्वांत उंच राहील. गार इंजिनावरच झाकण उघडले, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन सुरू केले आणि अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघून जाईपर्यंत आपण उभे राहिलात. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये, हे आपण मला दोनदा सांगितले.

आपण थर्मोस्टॅट व कूलंटचे पैसे आणि अगदी थोडी मजुरी घेतली. डॅशबोर्ड उघडण्याचा खर्च ऐकून घाबरलेल्या माणसाकडून आपण कितीही मागू शकला असता.

परवा पहाटे वडिलांनी घोंगडी काढून मागे ठेवली आणि काटोलपर्यंत झोप काढली. दुपट्टा त्यांच्या खांद्यावर कोरडाच होता. उन्हाळ्यात गाडी तापली तर रेडिएटर धुण्यासाठी आपल्याकडेच आणीन. सोबत संत्र्यांचा एक क्रेट पाठवला आहे, तो परत करू नये. टपरीवरील भाऊंच्या गंजाला त्या दिवशी जो वास लागला, त्यावरून त्यांनी आपल्याला बरेच ऐकवले होते. त्यांच्यासाठी नवा गंज क्रेटवरच बांधून दिला आहे.

आपला कृतज्ञ,
वरूड तालुक्यातील एक संत्रा बागायतदार