शेवटच्या तीन पानांत सगळे एकदम कसे रडतात?

मा. संपादक, स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत ख्रिस्ती कथा-कादंबऱ्यांना 'नुसता प्रचार' म्हणून एका ओळीत उडवून लावलंय. वाचून आधी डोकंच फिरलं, कारण मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जी धरतात ती 'यमुनापर्यटन', १८५७ ची, ती बाबा पदमनजींनी लिहिली म्हणजे बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झालेल्याच माणसानं, आणि विषय काय तर विधवांचे हाल. पण राग उतरल्यावर वाटलं, लेखकाचं सगळंच चुकलं असंही नाही. मी ही पुस्तकं आवडीनं वाचते, आमच्या चर्चमधल्या बायकांत ती फिरत असतात, बरीचशी इंग्रजीवरनं आलेली, आणि त्यात दोनशे पानं घरात भांडण चालतं, मग शेवटच्या तीन पानांत कुणीतरी आजारी पडतं, प्रार्थना होते, सगळे रडून गळ्यात पडतात आणि पुढचं सगळं देवाच्या हाती. संपलं पुस्तक.

आमच्यात असं काय झालं नाही बघा.

आप्पांनी दादाला न विचारता जागा विकली, दादा वेगळा झाला, अकरा वर्षं बोलणं बंद. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं (धोक्याची पातळी ४३), शाहूपुरीत आमच्या दारात पाणी आलं तेव्हा दादा गुडघाभर पाण्यातनं चालत आला आणि म्हणाला, "आप्पा, चला." आप्पा पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, दुधाच्या पिशव्यांत गुंडाळत बसलेले, वर न बघताच म्हणाले, "पहिलं चप्पल काढ." अकरा वर्षांनी हे पहिलं वाक्य! दादानं काढली पण, पायरीवर ठेवली, ती गेली वाहून. नवी होती. मग नऊ दिवस आम्ही सगळे दादाकडं, आणि जेवायला बसलं की आप्पा मला म्हणायचे, "त्याला म्हणावं रस्सा सरकव," आणि तो हातभरावरच बसलेला. मला हसावं का रडावं कळायचं नाही.

आता मला सांगा हे कुठल्या कादंबरीत आहे? खरंतर पवित्र शास्त्रात आहे. योसेफाला भावांनी विकलं, चांदीच्या वीस नाण्यांना, पुढं ते धान्य मागायला मिसरात (इजिप्तमध्ये) आले तर त्यानं लगेच मिठी नाही मारली, त्यांना घोळवलं, आत जाऊन एकटाच रडला, तोंड धुऊन बाहेर आला आणि जेवण वाढायला सांगितलं. शेवटी समेट झाला, बापासकट सगळे तिकडंच राहायला आले, १७ वर्षांनी बाप वारला तर भाऊ परत घाबरले की आता हा सूड उगवणार! म्हणजे १७ वर्षं पोटात भीती होतीच की. उधळ्या पुत्राच्या दृष्टांतातही धाकटा पैसे उडवून परत येतो, बाप मेजवानी देतो, तर थोरला भाऊ बाहेर अंगणात रुसून उभा, बाप समजवायला येतो आणि गोष्ट तिथंच थांबते, तो आत गेला का नाही ते प्रभू येशूनं सांगितलेलंच नाही. आणि भविष्याची आशा देणारं यिर्मया संदेष्ट्याचं ते वचन, अध्याय २९, जे आमच्या निम्म्या कॅलेंडरांवर असतं, त्याच्या आधीचीच ओळ कुणी छापत नाही, तिथं बाबेलात बंदिवासात ७० वर्षं काढायचीत असं लिहिलंय. घरं बांधा, बागा लावा, असंही यिर्मयानं बंदिवानांना लिहिलेल्या त्याच पत्रात आहे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त बघा, त्यांच्या नवऱ्याचा, ना. वा. टिळकांचा, बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा, ती मधली वर्षं आहेत म्हणून ते पुस्तक अजून वाचतात लोक. तसली मधली वर्षं लिहिणारं कुणी आपल्याकडं आत्ता असेल, कोल्हापूर-मिरजेकडचं, तर पुरवणीत त्यांच्या एका कथेला जागा द्या एवढंच म्हणणं आहे. भाषांतरं पुरे झाली.

आप्पा आता ८४ चे आहेत. दर रविवारी दादा त्यांना गाडीवरनं उपासनेला आणतो, पायरीपर्यंत हात धरून सोडतो आणि स्वतः समोरच्या चहाच्या गाड्यावर पेपर वाचत बसतो, तुमचाच. आत येतोस का विचारलं की म्हणतो, बघू.

आपली एक वाचक,
शाहूपुरी, कोल्हापूर