झुलींच्या खोलीला शिस्त लावणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

थंडी सरली की घोड्यांच्या अंगावरच्या झुली उतरतात आणि त्यांच्यावरून सगळ्यांचं लक्षही उडतं. घोडे केस टाकायला लागलेले असतात, खराऱ्याचं काम दुप्पट झालेलं असतं, तेव्हा चिखलाने माखलेल्या त्या जड कापडाकडे बघायला सवड कोणाला? ऐन अशा दिवसांत तुम्ही फाटलेल्या झुली शिवायला न्यायला आलात आणि आमची अख्खी खोली लावून देऊनच गेलात. तोंडी आभार तेव्हाच मानले होते. पण तुमच्या कामाचं खरं मोल कळलं ते पुढची थंडी आल्यावर. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड, कारण घोडे सांभाळणाऱ्या कोणालाही तुमचं सांगणं उपयोगी पडेल.

तुमची पहिलीच अट होती, न धुतलेल्या झुलीला सुई लावणार नाही. आधी चिखल पूर्ण वाळू द्यायचा, मग ताठ ब्रशने झाडायचा. अस्तरातले केस रबरी खराऱ्याने ओढून काढायचे. बक्कलं लावून आणि वेल्क्रो मिटवून मगच पाण्यात टाकायची, नाहीतर सगळे केस त्या वेल्क्रोतच जाऊन बसतात. घरच्या वॉशिंग मशीनचा तर नादच सोडा म्हणालात. जाड झूल पाणी प्यायली की ड्रमचं कंबरडं मोडतं आणि पंपात केसांचा बोळा अडकतो. नेहमीची धुण्याची पावडर नको, कंडिशनर त्याहून नको, कारण बाहेरच्या कापडावरचा पाणी झटकणारा लेप त्याने निकामी होतो. पाणी गार, फार तर ३० अंश सेल्सियसचं. गरम पाण्याने आणि ड्रायरने आतला पॉलियुरेथेनचा थर सुटतो, आणि तो सुटला की शिवणकाम कितीही चांगलं असलं तरी झूल गळणारच.

वाळवण्याबाबत तुम्ही किती कडक! सावलीत, वाऱ्यावर, दोन दांड्यांवर पसरून, कारण सतत कडक उन्हात राहिलं की नायलॉन विरतं. आम्हाला वाटलं वाळली, तुम्ही पाठीवरच्या मधल्या शिवणीवर तळहात दाबून धरलात आणि म्हणालात, “गार लागतंय. आत ओल आहे.” आणि होतीच. वरचं कापड हाताला कोरडं लागतं, आतलं पॉलिस्टरचं भरण मात्र पाणी धरून बसलेलं असतं. ती ओल पिशवीत कोंडली की बुरशी ठरलेली. तो तळहाताचा दाब आता इथे सगळ्यांच्या अंगवळणी पडलाय.

मग गळती शोधायची तुमची रीत. झूल दोन खुर्च्यांवर झोळीसारखी टाकायची, मधल्या खोलगटात तांब्याभर पाणी ओतायचं, आणि आपण दुसऱ्या कामाला लागायचं. थोड्या वेळाने खालून हात फिरवायचा. भोक असेल तर थेंब एका जागी येतात, थर गेला असेल तर अस्तर सगळीकडून दमट लागतं. पहिल्याला ठिगळ, दुसऱ्याला पाणी झटकणाऱ्या लेपाची नवी फवारणी, आणि तीही टिकली नाही तर ती झूल फक्त तबेल्याच्या आत वापरायची. फेकायची घाई तुम्ही कुठेच केली नाहीत.

पण आम्ही सगळे हातातली कामं सोडून बघत राहिलो ते तुम्ही अस्तरं वाचायला घेतलीत तेव्हा. एक झूल उलटी केलीत आणि डाव्या खांद्याजवळची चकाकी दाखवलीत. कापड तिथे घासून गुळगुळीत झालं होतं आणि त्यात बारीक तुटके केस रुतले होते. “हिचा घोडा खांद्यात रुंद आहे. इथे त्याचे केस उडाले असतील.” उडाले होतेच. आम्ही तो टक्कल पडलेला डाग कसल्या तरी खाजेवर ढकलला होता. छातीच्या मध्यापासून मागच्या मांडीच्या कडेपर्यंत टेपने मापलं तर लांबी अगदी बरोबर निघाली. आडवं मात्र जमत नव्हतं, लांबीचा आकडा खांद्याबद्दल काहीच सांगत नाही. ती झूल तुम्ही दुसऱ्या, सडपातळ घोडीच्या नावावर केलीत. आयाळीच्या बुडाशी लोंबणारे केस, मागच्या पायांच्या पट्ट्यांचं सैल पडलेलं इलॅस्टिक, एकाच बाजूला ताणलेली शिवण, या सगळ्यांतून तुम्ही एकेका घोड्याचा अख्खा हिवाळा सांगत होतात. डॉक्टरांनाही इतकं सांगता येत नाही, असं आमच्यातला एक जण हळूच म्हणाला. (डॉक्टर हे वाचत असतील तर माफी असावी.)

गजकर्ण झालेल्या घोड्याची झूल तुम्ही हातही न लावता वेगळी ठेवायला लावलीत. त्या बुरशीचे, म्हणजे ट्रायकोफायटॉन इक्वायनमचे बीजाणू कापडात महिनोन् महिने जिवंत राहतात. ती वेगळ्या पाण्यात, बुरशीनाशक घालून धुतली, वेगळी वाळवली, आणि तिच्यावर ‘उसनी द्यायची नाही’ असं ठळक लिहिलं.

लावून ठेवणं हे खरं तर शेवटचं आणि सोपं काम. प्रत्येक झुलीला कापडी पट्टी शिवली आणि तिच्यावर न पुसणाऱ्या शाईने घोड्याचं नाव, माप, भरणाचे ग्रॅम, धुतल्याची तारीख, केलेली दुरुस्ती असं सगळं लिहिलं. भरणाचा आकडा चौरस मीटरमागे असतो, ० म्हणजे नुसतं पाणी अडवणारं कापड, २०० मध्यम, ३०० आणि वरची जाड. बाहेरच्या कापडाचं डेनियरही लिहा म्हणालात: ९००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम तितकं डेनियर. त्यामुळे ६०० ची झूल एकमेकांना चावणाऱ्या घोड्यांच्या कळपात जात नाही, तिथे १२०० च्या पुढचीच लागते.

घडी घालताना बक्कलं आत, म्हणजे शेजारच्या कापडाला ओरखडे नाहीत. लोखंडी कड्यांना सिलिकॉनचा हलका फवारा, चामड्याचे पट्टे काढून तेल लावून वेगळे. जमिनीपासून वर असलेल्या फळ्यांवर सुती पिशव्या, आणि उंदरांचा वावर असलेल्या भिंतीकडे पत्र्याच्या पेट्या, कारण भरणाची मऊ घरटी उंदरांना फार प्रिय. लोकरीच्या झुलींना कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या घालाव्यात असं इथे कोणीतरी सुचवलं, तेव्हा तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तो विषारी वास भरलेलं कापड उद्या घोड्याच्या नाकाशी जाणार. त्याऐवजी घाम आणि केस निपटून काढायचे, कारण स्वच्छ लोकरीपेक्षा मळक्या लोकरीवर कसर लवकर पडते. शंका असलीच तर ती झूल पिशवीत बांधून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे.

एका गोष्टीत अजून आपलं जमत नाही. हवा ओढून घेणाऱ्या पिशव्या तुम्हाला अजिबात चालत नाहीत. भरणाच्या झुलींबद्दल मान्य, भरण दबलं की त्यातली हवा गेली आणि ऊबही गेली. पण पातळ फ्लीसला दबायला आहेच काय? ते आम्ही तसंच ठेवलं, आणि बरं राहिलं.

क्रम मात्र तुम्ही सांगितला तसाच. म्हातारे, अंगावरचे केस कापलेले आणि वजन उतरलेले घोडे आधी गारठतात, म्हणून त्यांच्या झुली सगळ्यात वर. धडधाकट घोड्याला स्वतःचे केस असले तर साधारण ५ अंशांपर्यंत झूल लागतही नाही, त्याच्या तळाला. आणि एक हलकी, एक पाणी अडवणारी आणि एक घाम टिपणारी अशा तीन बारा महिने खुंटीवर, कारण आजारपण, गाडीचा प्रवास किंवा अवेळी पाऊस विचारून येत नाही.

पहिली गार, पावसाळी रात्र आली तेव्हा रात्रपाळीला नवा मुलगा होता. त्याला घोड्यांची नावं धड पाठ नव्हती. नुसत्या पट्ट्या वाचून त्याने ज्याची झूल त्याला घातली आणि कोणालाही झोपेतून उठवलं नाही.

यंदाच्या झुली धुऊन, वाळवून झाल्यात. तळहात लावून पाहिलंय. फाटलेल्या दोन बाजूला काढल्यात, त्यांतल्या मोठीची शेपटीवरची झडप पूर्ण उसवली आहे, त्यामुळे तिला लागेल तेवढं कापड सोबत आणा. सवडीने या.

कळावे, लोभ असावा.

आपले,
तबेल्यातले सगळे