सोडवणारा नातलग

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, आधी मी नीट होते, मग प्रार्थनेला बसते. आत्ता कुठल्या तोंडानं बसू?" तू काय केलंस ते सांगितलं नाहीस, मीही विचारत नाही. पण तुझ्या त्या 'आधी'त माझा जीव अडकलाय.

'तारण' हा आपला शब्द दोन ठिकाणी भेटतो. एक उपासनेत, पापातून सुटका या अर्थानं, दुसरा कर्जाच्या कागदावर. तू लहान होतीस तेव्हा माझ्या कर्जापायी घरातलं सोनं तारण म्हणून गेलं होतं. व्याज भरता भरता मी मेटाकुटीला आलो, मुद्दल होतं तिथंच. सोन्याचा कस काही उतरला नव्हता. पण ते दुसऱ्याच्या कुलपात होतं, आणि आपलं आपण उठून घरी येणार नव्हतं. शेवटी थोरल्या काकांनी मला न विचारता पैसे भरून ते सोडवून आणलं. कितीतरी दिवस मला त्यांच्यासमोर मान वर करता आली नाही. त्यांनी मात्र तो विषय आजतागायत काढलेला नाही.

पाप म्हटलं की आपण चुकांची यादी करायला बसतो. प्रेषित पौलाचं दुखणं त्याहून खोल आहे. रोमकरांस पत्राच्या 7व्या अध्यायात तो कबूल करतो की चांगलं करावं असं वाटतं, पण हातून घडतं ते नको असलेलंच. नव्या करारात पापाला जो ग्रीक शब्द येतो, 'हमार्तिया', त्याचा मूळ अर्थ नेम चुकणं. पण पौल तिथं थांबत नाही. त्याच्या लेखी पाप हा धनी आहे आणि माणूस त्याचा दास. आता दासानंच म्हणावं, 'आधी मोकळा होतो, मग सोडवणाऱ्याची गाठ घेतो', तसं तुझं चाललंय.

जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या 25व्या अध्यायात एक नियम आहे. कोणी गरिबीपायी जमीन विकली, किंवा स्वतःलाच विकून घेतलं, तर जवळच्या नातलगानं मोल भरून सोडवावं. अशा नातलगाला हिब्रूत 'गोएल' म्हणतात. विधवा रूथला तिच्या नवऱ्याचा नातलग बवाज सोडवतो आणि तिच्याशी लग्न करतो, ही गोष्ट तुला पाठ आहे, पण तिच्यातला एक माणूस तुझ्या लक्षात नसेल. बवाजाहून जवळचा एक नातलग होता, पहिला हक्क त्याचा. जमीन सोडवायला तो लगेच तयार झाला. जमिनीबरोबर रूथचीही जबाबदारी येते म्हटल्यावर मात्र, आपल्याच वतनाचं नुकसान होईल, असं सांगून मागे सरला. पुस्तकात त्याचं नावसुद्धा नाही. मला तो फार ओळखीचा वाटतो. आपण बहुतेक जण तेवढेच उदार असतो.

म्हणजे सोडवणारा रक्ताचा हवा, आणि स्वतः झीज सोसणारा हवा. देवानं माणूस का व्हावं, याचं उत्तर मला अन्सेल्म या मध्ययुगीन ख्रिस्ती विचारवंतापेक्षा इथं जास्त पटतं. इब्री लोकांस पत्राचा 2रा अध्याय हेच सांगतो: लेकरं रक्तामांसाची, म्हणून तोही रक्तामांसाचा झाला. आधी नातलग झाला, मग मोल भरलं. येशूचा शिष्य पेत्र लिहितो की ते मोल सोन्यारुप्याचं नव्हतं, ख्रिस्ताच्या रक्ताचं होतं.

ते मोल भरलं कोणाला, हा तुझा जुना प्रश्न. त्यावर थोर थोर माणसं भांडली आहेत. ओरिजेनसारखे काही आरंभीचे आचार्य म्हणाले, सैतानाला. चौथ्या शतकात नाझियांझसच्या ग्रेगरींना ती कल्पनाच किळसवाणी वाटली. 1098च्या सुमारास अन्सेल्मनं देवाच्या मानाचा, त्याच्या भरपाईचा विचार मांडला. मला वाटतं, दाखला फार ताणला की तो तुटतो. काकांनी सोनं आणलं, मी पावती मागितली नाही.

बरं, सगळं फुकटच असेल तर वाटेल तसं वागावं का? लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला जकातदार जक्कय बघ. येशू त्याला झाडावरून खाली बोलावतो आणि आज तुझ्या घरी उतरणार म्हणतो. तोवर जक्कयानं एक पैसाही परत केलेला नसतो. लोक कुरकुरतात. मग जक्कय उभा राहून म्हणतो, ज्याला लुबाडलं असेल त्याला चौपट देईन. परतफेड आहेच, पण पाहुणा घरी आल्यावर. विश्वास की कृत्यं यावरून मंडळी शतकानुशतकं दुभंगली. 1999 साली लुथरन आणि कॅथलिकांनी तारण कृपेनंच होतं, आपल्या गुणांवर नाही, असं एकत्र लिहून सह्या केल्या. जक्कयाला ते एका दुपारी कळलं असावं.

तेव्हा कोणाची क्षमा मागायची असेल, कोणाचं काही परत द्यायचं असेल, तर ते तुला करावं लागेल. त्यात मी तुला सूट देणार नाही. पण ते एकटीनं उरकून मग प्रार्थनेला यायचं, हे मला मान्य नाही.

लूकच्या शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायातला, बापाचा पैसा उधळून घरी परतणारा धाकटा मुलगा वाटेत बोलायचं ठरवून येतो. पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मला मजुरासारखं ठेवा. घरी आल्यावर तो 'लायक नाही'पर्यंतच पोचतो. मजुराचं वाक्य राहूनच जातं, कारण बाप तोवर चाकरांना झगा आणायला सांगत असतो.

तुझंही काहीतरी ठरवून ठेवलेलं असेल. रविवारी फोन कर. आई सकाळपासून वाट बघते.

तुझा,
बाबा